आईच्या चित्रातलं कपाळ

माझ्या भावाने आमच्या आईला हसायला लावलं, आणि तेही ती गेल्यावर. ती जिवंत असताना त्याला हे एकदाही जमलं नव्हतं.

दिवस अविधवा नवमीचा होता. पितृपक्षातल्या या नवमीला, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावाने एका सवाष्णीला जेवू घालतात, तिची ओटी भरतात. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं, वर्षश्राद्ध उरकलं होतं, आणि बाबा आहेत. त्यामुळे आमच्या घरी ही नवमी पहिल्यांदाच आली होती. आई गेली तेव्हा दारात आलेली प्रत्येक बाई "भाग्याची व, कुंकवानिशी गेली" असं म्हणत होती आणि मी दात आवळून ऐकत होते. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या आयुष्याची कमाई काय, तर नवऱ्याच्या आधी नंबर लागला. त्या दिवशी बोलले नाही, ते मनात तसंच राहिलं.

तर नवमीला सिंदी मेघेहून सकाळची बस धरून मी हिंगणघाटला पोचले. घरात वड्यांचा वास सुटला होता. वडनेरची आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, सवाष्ण म्हणून आली होती आणि नवं लुगडं सावरत पलंगावर बसली होती. समोर खुर्चीवर पांढरी चादर, चादरीवर आईचं चित्र, चित्राला झेंडूचा हार. मी चप्पल काढता काढता थांबले. चित्रातली आई माझ्याकडे बघून हसत होती.

हे चित्र म्हणजे आईचा फोटो नव्हे, आणि कोणी दुसऱ्याने काढलेलं तिचं चित्रही नव्हे. ते तिने स्वतः काढलं होतं. लग्नाआधी आई वर्षभर नागपूरला चित्रकला शिकत होती. मग लग्न झालं, शिकणं सुटलं, आणि ती हिंगणघाटला आली. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. दिवसभर कापसाच्या गाड्या मोजायच्या आणि संध्याकाळी केसांत रुई घेऊन घरी यायचं. मी आठ-नऊ वर्षांची असताना एका उन्हाळ्यात आईने मामाकडून रंगांच्या ट्यूबा मागवल्या, एक हार्डबोर्ड आणला आणि रोज दुपारी, बाबा कामावर गेले की, स्वयंपाकघरात बसून हे चित्र रंगवलं. शेजारी एक जाडजूड पुस्तक उघडं असे. त्यात शंभर वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा परदेशी चित्रकाराने काढलेलं एका जोडप्याचं चित्र होतं. खोलीत एक बाप्या, एक बाई. भिंती तिरप्या, चेहरे निळे-हिरवे. मला ते भुताचं वाटलं होतं. आई म्हणाली, "भूत कायचं व? पाह्य, दोघाइले बोलाचं हाय, पण कोणी बोलून नाई राह्यलं." एवढंच. नक्कल मात्र तिने केली नाही. तिने आमचंच स्वयंपाकघर काढलं.

भिंत लाल. आमची भिंत कधीच लाल नव्हती, चुन्याची होती. डावीकडे बाबा बनियनवर बसलेले, गुडघ्यांवर ठेवलेले त्यांचे हात नको तेवढे मोठे, चेहरा जांभळा. उजवीकडे ओट्याशी आई उभी, एक हात भिंतीला टेकलेला, चेहरा हिरवट पिवळा, ओठ मिटलेले. दोघंही एकमेकांकडे बघत नाहीत. सगळ्याला जाड काळी रेघ. आणि आईचं कपाळ कोरं. रोज आंघोळ करून रुपयाएवढं कुंकू लावणारी माझी आई, तिने चित्रात स्वतःच्या कपाळावर एक रुंद पिवळा फटकारा मारला होता आणि तिथे कुंकवाचा ठिपकासुद्धा ठेवला नव्हता. गळा कोरा, हातही कोरे.

ते चित्र तिने स्वयंपाकघरात ओट्यासमोरच्या भिंतीवर टांगलं. बाबा कामावरून आले, त्यांनी पाहिलं, पाय धुतले आणि जेवायला बसले. त्यानंतर आईने रांगोळीशिवाय काही काढलं नाही. ट्यूबा डब्यात वाळून गेल्या.

आता त्या कपाळावर ठसठशीत लाल कुंकू होतं. गळ्यात सोनेरी मंगळसूत्र, मनगटात हिरव्या बांगड्या. ओठांची दोन्ही टोकं वर वळवलेली. डोळ्यांच्या बुबुळांत पांढरे ठिपके, मूर्तीच्या डोळ्यांत देतात तसे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"दादा, हे कोणं केलं?"

दादा केळीची पानं पुसत होता. त्याच्या चेहऱ्यावर शाबासकीची वाट बघत असल्याचा भाव होता, त्याचा मला आणखीच संताप आला.

"मस्त झालं ना? आपल्या गल्लीतला मूर्तीवाला पेंटर. गणपतीचं काम संपलं होतं, बसून होता. चार दिवस झाले, वाळूनबी गेलं. मंगळसूत्र पाह्य, वरिजनल गोल्डन हाय, गणपतीच्या मुकुटातून उरलेला."

"तुले कोणं सांगतलं होतं हात लावाले?"

"अरे, सवाष्णीच्या नवमीले फोटो नाई लागत का? आईचा एक फोटो दाखव मले. आधारवरचा हाय, त्याच्यात चोरावानी दिसते. लग्नातल्या फोटोत मुंडावळ्यांतून नाक दिसते फक्त. मंग काय ठेवू समोर? हेच तर हाय एक. अन् बिनकुंकवाची कशी ठेवू अविधवा नवमीले? अपशकुन हाय थो."

त्याचं हेही खरं होतं की आईचा धड फोटो नव्हता. कॅमेरा दिसला की ती उठून जायची. पण म्हणून कोणी बाईच्या हातचं चित्र उचलून गणपतीवाल्याकडे नेतं का? माझा भाऊ नेतो. मूर्तीला डोळे देणाऱ्याने आईलाही देऊन टाकले. बरं, गल्लीतल्या पेंटरवर मी काय रागावू? त्याच्याकडे बाई आली, त्याने तिला बाईसारखी करून परत पाठवली.

"आईनं काढलं होतं ते. तिनं जसं काढलं तसं होतं."

"म्हंजे अर्धवट होतं," दादा म्हणाला. "आपण पुरं केलं."

मी पर्स उचलली आणि बाहेर पडले. मागून वहिनींचा आवाज आला, "गेल्या वाटते रागानं!" आणि आत्याचा, "जाऊ दे, पहिल्यापासनं तशीच हाय." मी गेले होते ती चौकातल्या हार्डवेअरच्या दुकानात. टर्पेंटाइनची बाटली घेतली, मेडिकलमधून कापसाचं बंडल घेतलं. गेली पंचवीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवते. एवढं मला कळतं की आईचे तेलरंग चाळीस वर्षांत दगडासारखे वाळलेत, आणि वरचा डब्यातला ऑइलपेंट चार दिवसांचा आहे. आज पुसला तर निघेल. महिन्याभराने पुसायला गेले तर आईलाही घेऊन निघेल.

परत आले, हार काढून ठेवला, चित्र खुर्चीवरून उचलून खिडकीशी नेलं आणि बाटली उघडली. वासाने सगळे जमा झाले.

"हे काय करून राह्यली व तू?" आत्या उठलीच. "भर नवमीचं, सवाष्णीच्या अंगावरचं उतरवते? तुह्या माह्या घरी पाहिलं का असं कोणी?"

"आत्या, हे तिच्या अंगावरचं नाई, तिच्यावर चढवलेलं हाय."

"उद्या पूस ना," दादा म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "जेवणं होऊ दे. नैवेद्य व्हाचा हाय. आत्या उपाशी हाय सकाळपासनं."

"उद्या काऊन? आज तिच्या नावानं जेवण हाय ना? मंग आज तिलेच बसू दे समोर. ही कोण हाय, मी नाई ओळखत हिले."

मी आधी एका कोपऱ्यात पुसून पाहिलं. आईचा रंग हलला नाही. मग सोनेरीला लागले. मुकुटातलं उरलेलं सोनं तीन बोळ्यांत निघालं, खाली आईचा कोरा गळा तसाच होता. बांगड्या निघाल्या. डोळ्यांतले ठिपके निघाले. ओठांना वेळ लागला. पेंटरने तिथे मन लावून काम केलं होतं. पण एक-एक टोक करत हसू उतरलं आणि आईचं मिटलेलं तोंड परत दिसलं. तेव्हा कुठे मला नीट श्वास घेता आला. खरं सांगते, मला मजाही येत होती. दादाचं तोंड बघून तर फारच.

कपाळाशी आले तेव्हा बाबा बोलले.

बाबा तोवर दाराशी स्टुलावर बसून होते. ऐंशीच्या घरातला माणूस, आधीच कमी बोलणारा, आई गेल्यापासून तर विचारलं तेवढंच. मी आले तेव्हापासून ते एक शब्द बोलले नव्हते आणि मीही त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. माझ्या हिशेबी ते या गोष्टीत नव्हतेच.

"बाकी पुसलं ते बरं केलं," बाबा म्हणाले. "हसू लावू नको असं मी त्याले म्हटलंच होतं. आयकलं नाई त्यानं. पण कुंकू राहू दे."

"काऊन?"

"ते मी सांगतलं होतं. पेंटरले. मीच."

दादाने मान खाली घातली. म्हणजे कल्पना दादाची नव्हतीच. बाबांनी कुंकू मागितलं, दादाने हौसेने बाकीचा साज चढवला, आणि मघापासून माझ्या शिव्या खात तो बाबांचं नाव घेत नव्हता. माझा राग तिथल्या तिथे वळला आणि दुप्पट झाला.

"बाबा, ते तिनं नव्हतं काढलं."

"मले सांगते? चाळीस वर्स त्याच्यासमोर बसून जेवलो मी." ते चित्राकडे बघत नव्हते, जमिनीकडे बघत होते. "रोज. सकाळ-संध्याकाळ. घास घेतला का वर पाहाचं नाई, असं ठरवलं होतं. तरी दिसेच. मी जित्ता होतो ना बाई? तिथंच बसलो होतो, तिच्याच हातचं जेवत होतो. अन् तिनं मले त्या भिंतीवर मारून ठेवलं होतं."

आत वहिनींनी कढई उतरवली.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. चाळीस वर्षं! चाळीस वर्षं एक माणूस बायकोच्या हातून जेवतो, तिने भिंतीवर काय लिहून ठेवलंय ते वाचतो, कळतंसुद्धा, आणि पाय धुऊन पानावर बसतो. आणि ती बोलू शकेनाशी झाल्यावर गल्लीतला पेंटर बोलावून उत्तर दुरुस्त करून घेतो.

"मंग विचारलं काऊन नाई तिले?" माझा आवाज चढला. "एकदा? चाळीस वर्सांत एकदा? तिच्या मनात काय हाय म्हणून?"

"ती खरं सांगे," बाबा म्हणाले.

"सांगू द्याचं होतं ना मंग! तिले भेले तुम्ही, अन् आता ती नाई तर तिच्या कपाळावर स्वतःची सही करून घेतली!"

"चूप व!" आत्या ओरडली. "बाप हाय तुहा!"

बाबांनी हात वर करून तिलाच गप्प केलं. मग पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"तू या चित्राबद्दल शाळेत सांगत असते म्हणे. पोराइले. तुह्या आईनंच सांगतलं होतं मले. खुश होती ती."

हे मात्र खरं. दरवर्षी नववीच्या वर्गाला मी त्या चित्राचा फोटो दाखवते, हल्ली मोबाइलमध्ये. म्हणजे, चित्र काढणाऱ्याला जे बोलता येत नाही ते रंग कसं बोलतात याचं उदाहरण म्हणून. मुलांना विचारते, भिंत लाल का? हात मोठे का? शेवटी कपाळाशी येते. म्हणते, बघा, या बाईने स्वतःला कोणाची बायको म्हणून काढायला नकार दिलाय. मुली एकदम शांत होतात. ती शांतता मला फार आवडते. कुठल्याशा शिबिरात दुसऱ्या शिक्षकांसमोरही मी हे बोलले आहे. टाळ्या घेतल्या आहेत.

"तू तं विचारलं असंन," बाबा म्हणाले. "तू शिकलेली हाय. तू तं तिले भेत नव्हती. तू विचारलं होतं ना तिले, कपाळ काऊन कोरं ठेवलं म्हणून?"

मी विचारलं नव्हतं.

तासाभराच्या अंतरावर राहत होते मी. दर दिवाळीत, दर उन्हाळ्यात त्याच स्वयंपाकघरात, त्याच चित्राखाली बसून आईबरोबर शेंगा सोलल्या आहेत. कितीदा वर पाहिलं असेल. तोंड उघडलं नाही. बाबा तरी उत्तराला भ्यायले होते. मला माझं उत्तर इतकं आवडलं होतं की तिचं नकोच होतं. ती काहीतरी साधंच बोलली असती तर? माझ्या नववीच्या वर्गाचं काय झालं असतं? हे सगळं मला त्या खिडकीशी, हातात टर्पेंटाइनचा बोळा धरून उभी असताना कळलं, आणि तो दिवसभराचा राग, दादावरचा, पेंटरवरचा, बाबांवरचा, सगळा लाज होऊन माझ्या तोंडावर आला. पण समोर बाबा उत्तराची वाट बघत होते. ते हरलेले होते आणि तरी विचारत होते. जे त्यांनी तिला विचारलं नाही ते मला विचारत होते.

"हाव," मी म्हणाले. "विचारलं होतं."

"काय म्हणाली?"

वर्गातलं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. पंचवीस वर्षांची सवय. ते खरंही असेल. बहुतेक खरंच आहे, मला आजही वाटतं. बाबांनी स्टुलाची कड दोन्ही हातांनी धरली होती.

"विसरली म्हणे."

"विसरली?"

"हाव. चेहऱ्याचा रंग आधी वाळू देऊ म्हटलं, मंग कुंकू काढू. अन् मंग राहूनच गेलं म्हणे. एवढंच."

बाबा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, चित्राकडे नाही. कापसाच्या गाड्या मोजण्यात जन्म गेलेला माणूस. वजनात खोट असली तर त्याला काट्याआधी कळायची.

"राहून गेलं," ते म्हणाले.

"हाव."

"मंग पूस." ते गुडघ्यावर हात देऊन उठले. "तिनं काढलं नव्हतं तं नको ते तिथं. पूस. अन् वाढाले घ्या, सवाष्ण उपाशी बसली हाय." आणि हात धुवायला आत गेले.

आत्याने तोंड फिरवून घेतलं. मी बोळा भिजवला आणि कुंकू पुसलं. ते पटकन निघालं नाही, लाल पाणी होऊन आधी भुवयांपर्यंत पसरलं. चार-पाच बोळे लागले. खालून आईचा पिवळा फटकारा वर आला, कुठेही न दुखावता. चित्र तिने ठेवलं होतं तसं झालं. मी ते खुर्चीवर ठेवलं आणि हार चढवला. कोणाला तरी मारावंसं वाटत होतं, आणि मारण्यासारखं तिथे माझ्याशिवाय कोणी उरलं नव्हतं.

दादा हळूच जवळ आला. त्याच्या हातात अजून केळीचं पान होतं.

"खरंच विसरली होती का व आई?"

"विसरली होती म्हटलं ना एकदा!" मी त्याच्या अंगावर खेकसले, इतक्या मोठ्याने की आत मोरीशी उभ्या असलेल्या बाबांपर्यंत पोचावं.